सिद्धूचा ताण

कळंबपासून आत माळाला एक वाडी आहे. वाडीच्या वरच्या अंगाला खंडोबाचं देऊळ आणि देवळासमोर लिंबाचं झाड. झाडाच्या बुंध्यावर फांद्या तोडल्याच्या दोन गाठी, एक वर आणि एक तिच्या खाली वीतभर. वरची गाठ सिद्धूची, खालची मल्हारची, असं वाडीतली पोरंसोरंही सांगत. सिद्धूला जाऊन तीन वर्षं होत आली होती, पण वरची गाठ अजून त्याच्याच नावावर होती. तिच्यावर कुणी पिशवीसुद्धा अडकवत नसे.

सिद्धू आणि मल्हार हे सिंधुबाईचे दोघे लेक. सिद्धू थोरला. ताडासारखा उंच, मान जराशी पुढं काढून चालणारा. त्याला पोलिसात जायचं होतं, म्हणून तो एस्टीनं बारामतीला भरतीच्या सरावाला जायचा. तिथून तो पायाचा एक ताण शिकून आला. एक पाय उचलून टाच गाठीवर टेकवायची, गुडघा ताठ ठेवायचा, कपाळ गुडघ्याकडं न्यायचं आणि तसंच धरून राहायचं. हिसका द्यायचा नाही, हलायचं नाही. मनात खंडोबाची आरती म्हणायची. आरती संपली की पाय बदलायचा.

मल्हार तेव्हा शाळेत होता. भाऊ करेल ते त्याला करायचं असे. त्याची टाच वरच्या गाठीला पुरत नव्हती, म्हणून खालची त्याची झाली. तो वाकला की सिद्धू त्याच्या पाठीवर तळवा ठेवून दाबायचा.

"आजून खाली जा. मोडत न्हाईस."

"दादा, शीर तुटंल."

"तुटली तर सुईदोऱ्यानं शिवू. आरती कुठवर आली?"

"तू दाबतोयस तर मी इसरलो."

"मग पयल्यापासून म्हण."

तो तळवा मल्हारच्या पाठीला कायमचा ओळखीचा झाला. कोरडा, जड, आणि मधे जरासा गरम.

माघी पौर्णिमेला वाडीची जत्रा भरते आणि बारा गाड्या ओढल्या जातात. बाराच्या बारा बैलगाड्या एकामागं एक जोडायच्या, बैल एकाही गाडीला नाही, गाड्यांत माणसं बसलेली. पुढच्या जुवाला बांधलेला दोर एका गड्याच्या कमरेला असतो. गाड्या हलवायला पहिल्यांदा मागून सगळे रेटा देतात. देवळापासून ओढ्यापर्यंत उतार आहे, तिथं वेग धरतो. पण ओढ्याच्या पुलाशी सगळ्यांनी हात सोडायचे असा दंडक आहे. पुलाच्या पुढं चढ लागतो. चढ काही मोठा नाही, पोरं सायकलवर उभी राहून मारतात. पण तेवढा चढ त्या एका माणसानं काढायचा. मागं वळून बघायचं नाही. हा मान सिंधुबाईच्या घराण्याचा होता. नवरा गेला आणि तो सिद्धूकडं आला.

सिद्धूनं दोन वर्षं गाड्या पार केल्या. तिसऱ्या वर्षी गाड्या जोडायलाच उशीर झाला. कुठल्याशा गाडीच्या जुवाची खुंटी, शिवळ, मोडली, दुसरी आणायला माणूस पळाला. सिद्धू अंगाला भंडारा लावून तयार होता. नुसतं उभं राहण्यापेक्षा म्हणून तो लिंबाकडं गेला आणि त्यानं ताण धरला. एका पायाला एक आरती, दुसऱ्याला एक. मग पुन्हा पहिला पाय. त्या दिवशी त्यानं किती आरत्या म्हटल्या ते त्यालाच ठाऊक. मग हाळी आली, दोर बांधला, गाड्या निघाल्या. पुलाशी माणसांनी हात सोडले. चढाच्या निम्म्यात सिद्धू थांबला.

बघणारे सांगत, तो अडखळला नाही, घसरला नाही. नुसता थांबला. मातीत पाय रोवले होते, पण त्या पायांत काही नव्हतं. मग बारा गाड्यांचं वजन मागं कललं, कमरेच्या दोरानं त्याला मागं खेचलं आणि पुलाच्या कठड्याचा दगड डोक्यात बसला.

पुढच्या वर्षी गाड्या निघाल्या नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी मान मल्हारकडं आला.

मल्हार आता लोणी देवकरच्या एका कारखान्यात पोती चढवायला जात होता. खांदे रुंद झाले होते. पण गाड्यांच्या दिवशी त्याला मल्हार म्हणून काही करायचं नव्हतं. त्यानं सिद्धूचं धोतर नेसलं, सिद्धूचाच पटका कमरेला बांधला. आणि ताण धरायला टाच ठेवली ती वरच्या गाठीवर. उंची कमी, त्यामुळं मांडीची शीर तटतटली. तसाच वाकला. दुसरी आरती चालू असताना त्याच्या पाठीवर तळवा टेकला.

मागं कोणी नव्हतं. देवळाचे पुजारी तात्याबा दहा हात लांब घंटेपाशी उभे होते. मल्हारनं तळवा ओळखला. त्याला भीती वाटली नाही. उलट इतकं बरं वाटलं की आरती संपली तरी त्यानं पाय काढला नाही, तिसरी सुरू केली, चौथी केली. तळवा दाबत राहिला.

आणि गाड्या चढाच्या निम्म्यात थांबल्या. त्याच जागी. पाय त्याचे राहिलेच नाहीत, कुणीतरी उसने घेऊन गेल्यासारखे. यावेळी माणसं हुशार होती, दगड हातात घेऊनच चालत होती. पटापट चाकांखाली दगड सारले म्हणून मल्हार वाचला.

शेवटच्या गाडीत गोजरबाई बसली होती. म्हातारी दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी पाणवठ्यावर म्हणाली, "पुलावर माज्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं. मांडीला मांडी लागली. गार होती."

एवढं बास झालं. सिद्धू गाडीत बसतो, भावाला पुढं जाऊ देत नाही, असं ठरून गेलं. आणि गंमत अशी की त्याच तोंडानं लोक सिद्धूचा ताणही मानू लागले. गाड्या ओढायच्या आधी लिंबाला ताण धरायचा म्हणजे सिद्धूची परवानगी घ्यायची, असा त्याचा अर्थ झाला. कुणी सांगितलं नव्हतं, पण एका वर्षात रीत तयार झाली. खेड्यात रीत व्हायला वेळ लागत नाही, मोडायला लागतो.

यंदा पौष सरता सरता तात्याबा सिंधुबाईच्या दारात आले. तात्याबा नात्यानं चुलत दीर. सिद्धूला त्यांनीच हलगी वाजवायला शिकवली होती. ते ओट्यावर बसले, पाणी प्यायले, आणि पाण्याचा तांब्या खाली न ठेवताच बोलले.

"सिंधू, पंचांचं ठरलं. यंदा गाड्या निघत्याल. पार झाल्या तर इषयच न्हाय. पर थांबल्या, तर जाग्यावर खिळा मारायचा."

"कसला खिळा?"

"जुन्या गाडीच्या आखाचं लोखंड हाय, लोहारानं घडवलाय. सिद्धू ज्या जाग्याला पडला तितं ठोकायचा. मग तो तितंच राहतुया. गाडीत बसाय येत न्हाय, पोराच्या मागं लागत न्हाय."

सिंधुबाई भाकरीचं पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"तात्या, त्यो तुमचा बी पोरगाच हुता."

"म्हनून तर सांगाय मी आलो. दुसऱ्याला धाडलं न्हाय." तात्याबांनी तांब्या खाली ठेवला. "दुसरा बी जायाची वाट बघू का?"

ते गेल्यावर सिंधुबाईनं भाकरी थापली, ती तव्यावर टाकली आणि करपेपर्यंत बघत बसली. संध्याकाळी मल्हार कारखान्यातून आल्यावर तिनं सगळं सांगितलं. रडली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "माजं लेकरू त्या पुलावर खिळून ठिवत्याल. उनात बी तितंच, पावसात बी तितंच. वरनं ट्रॅक्टर जात्याल."

गाड्या पार करायच्या, एवढंच एक मल्हारच्या हातात होतं. कसं, ते ठाऊक नव्हतं. बळ कमी होतं असं म्हणावं तर तो रोज पोत्यांची थप्पी लावत होता. बळ होतं. नेमकं त्या जागी ते नसायचं.

जत्रेचा नवा दोर बारामतीच्या बाजारातून आणायचा होता. मल्हार सुट्टी बघून गेला. दोर घेतला आणि खांद्यावर वेटोळं टाकून तो कॉलेजच्या मैदानाकडं वळला. तिथं अनुप होता. अनुप म्हणजे वाडीतल्या कचरू आणि ताईबाईचा लेक. बुद्धवस्तीतलं घर, बाप पाटबंधारे खात्यात नोकरीला. अनुप आणि मल्हार पहिलीपासून एका बाकावर. आता तो शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला होता, गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात फक्कीच्या रेघा मारत होता.

"दोर घेऊन आलास? मला बांधून न्हेतो का काय?"

"अन्या, ताकदीचं काय औशद असतंय का?"

अनुपनं फक्कीचं घमेलं खाली ठेवलं. मल्हारनं त्याला सारं सांगितलं. खिळ्याचंही, आणि जे आईलाही सांगितलं नव्हतं ते तळव्याचंही. अनुप देव मानत नव्हता, भूत मानत नव्हता. पण सिद्धू त्याचाही दादा होता. तो हसला नाही. बराच वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

"ताण किती वेळ धरलास?" त्यानं विचारलं.

"चार-पाच आरत्या. एका पायाला."

"आनि लगेच गाड्या?"

"लगेच."

अनुप उठला. मैदानाच्या कडेला खोलीची भिंत होती, भिंतीलगत बसायचा कठडा. "हितं ये. बोटं फक्कीत बुडव. आता भितीपाशी उभा ऱ्हा आनि उभ्यानं उडी मार. जितं हात पोचंल तितं बोटं टेकव."

मल्हारनं मारली. भिंतीवर चार पांढरी बोटं उमटली. अनुपनं आणखी दोनदा मारायला लावली. बोटं तिथंच उमटली.

"आता त्या कठड्यावर टाच ठेव. दादासारखा ताण धर. आरत्या म्हण."

मल्हार वाकला. ऊन होतं, मैदानात पोरं कबड्डीचा दम घुमवत होती. तरीही दुसऱ्या आरतीला तळवा आला. मल्हारनं डोळे मिटून घेतले. दोन्ही पायांच्या आरत्या झाल्यावर अनुपनं त्याला भिंतीशी नेलं. मल्हारनं जीव खाऊन उडी मारली. बोटं उमटली ती आधीच्या खुणेपेक्षा दोन बोटं खाली. पुन्हा मारली, तितकीच.

"बगितलंस? आला आनि त्यानं मागं वढलं," मल्हार म्हणाला.

"हितं? बारामतीत?"

"त्यो कुटं बी येतो."

"एस्टीनं आला का तुज्याबरुबर?" अनुप म्हणाला आणि लगेच त्याला वाईट वाटलं. त्यानं शिट्टी काढून मल्हारच्या हातात दिली, बोटं फक्कीत बुडवली आणि स्वतः उडी मारली. मग कठड्यावर टाच ठेवून तो वाकला आणि वाकूनच राहिला. मल्हार बघत होता. अनुपच्या पाठीवर काही नव्हतं, घामानं चिकटलेला बनियन होता फक्त. तो उठला, भिंतीशी गेला, उडी मारली. त्याचीही बोटं खाली उमटली.

"आता माज्या मागं कोन हाय ते सांग."

मल्हार भिंतीकडं बघत राहिला.

"आमच्या सरांकडं परदेशातलं मासिक येतं," अनुप सांगू लागला. "तिकडं लोकांनी मोजलंय. शीर ताणून लई वेळ धरली की तिचं बळ काही वेळ उतरतं. सगळं जात न्हाय. थोडं जातं. कुनी म्हनतं नसा सुस्तावतात, कुनी म्हनतं स्नायू सैल पडतो, नक्की त्यांचं बी ठरलं न्हाय. पर बेचकीचं बघ. रबर ताणून लई वेळ धरून ठेवलं आनि मग खडा सोडला, तर जातो का लांब?"

"मग ताण वाईट?"

"वाईट न्हाय रे. रोजच्या रोज संध्याकाळी धर, काम उरकल्यावर धर, अंग मोकळं ऱ्हातं. पर वजन वढायच्या तोंडावर नको. तवा पळ, उड्या मार, पाय झुलव. बकरू सोडल्यावर कसं उंडारतं, तसं. अंग तापलं पायजे."

"दोन बोटांनं काय हुतंय?"

"चढ केवढा हाय आपला?" अनुप म्हणाला. "दोन बोटांचाच तर हाय."

मल्हार कठड्यावर बसला. दोराचं वेटोळं मांडीवर घेऊन त्यानं त्याचा एक पीळ उलगडला, पुन्हा घातला.

"म्हंजी दादा त्या दिशी शिवळ यायची वाट बगत हुता..."

"ते तवा हितं कुनालाच म्हाईत नव्हतं मल्हारी. आमचे सर बी सरावाला असंच करून घ्यायचे."

"म्हंजी त्यो गाडीत बी बसला न्हाय. माज्या पाठीला बी आला न्हाय."

अनुपनं खाली ठेवलेलं फक्कीचं घमेलं उचललं.

परतीच्या एस्टीत मल्हार खिडकीशी बसला. खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण माणसाचं मन मोठं विचित्र. गाड्या थांबवणारा का होईना, भाऊ होता. त्याच्या तळव्याची ऊब होती. अनुपनं भिंतीवरच्या चार पांढऱ्या बोटांनी ती पुसून टाकली. आता गाड्या पार करायच्या तर ताण सोडायचा, आणि ताण सोडायचा म्हणजे भावाला त्या झाडाशी एकटं उभं ठेवून निघून जायचं. नाही सोडला तर पुलावर खिळा. दोन्हीकडून सिद्धूच जात होता.

घरी येऊन त्यानं आईला सांगितलं. भिंत, फक्की, बेचकी, सगळं. तळव्याचंही सांगितलं. सिंधुबाई ऐकत होती. तळव्याचं आल्यावर तिनं मान वर केली.

"मधी गरम लागतो?"

"व्हय."

"ल्हानपनापासनं तसाच हुता त्याचा हात." तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "त्या अन्याचं मला काय कळलं न्हाय. पर एक सांग. तू ताण न्हाय धरलास, तर लोक काय म्हनत्याल?"

"सिद्धूला डावललं म्हनत्याल. दोर बांधू देनार न्हायती."

"त्ये माज्यावर सोड," ती म्हणाली.

पौर्णिमेला दुपार कलल्यावर गाड्या जोडल्या गेल्या. माणसं चढून बसली. हलगी कडाडत होती. खोबरं-भंडाऱ्याची उधळण चालली होती, साऱ्या माळाला पिवळा रंग चढला होता. मल्हार देवळातून बाहेर आला. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी एका पिवळ्या फडक्यात काहीतरी गुंडाळून ठेवलेलं त्यानं पाहिलं. हातभर लांब होतं. कुणाला विचारायची गरज नव्हती.

तात्याबांनी त्याच्या कपाळाला भंडारा लावला. "जा. भावाचा ताण घेऊन ये."

हलगी थांबली. साऱ्यांचे डोळे लिंबाकडं गेले. मल्हार चालू लागला. झाडाजवळ आला तशी त्याच्या पाठीची कातडी आपोआप सावध झाली. जनावराला धनी जवळ आल्याचं जसं कळतं, तसं. त्याचा पाय उचलला गेला. बारामतीचं मैदान, अनुपची भिंत, सगळं लांब राहिलं. एकच आरती, असं त्याच्या मनात आलं. एकीनं काय होतंय.

तेवढ्यात सिंधुबाई गर्दीतून पुढं आली. डोक्यावरचा पदर सावरत ती सरळ झाडाशी गेली आणि तिनं वरच्या गाठीवर आपला तळहात ठेवला. दुसऱ्या हातानं बुंध्याला मिठी घातली.

"वैनी, ह्ये काय?" तात्याबा म्हणाले. एरवी ते तिला नावानं हाक मारत, पण आज सारी जत्रा बघत होती.

"यंदाचा ताण मी धरते तात्या."

"असं कुटं असतंय व्हय? रीत हाय."

"रीत गेल्या सालापासनं हाय. त्याच्या आदी न्हवती. त्याला मी जनलाय, त्याची परवानगी मी देते." मग ती मल्हारकडं वळली. आवाज खाली आणला. "मी धरलाय त्याला. तू जा. पाय खाली ठिव आनि जा."

मल्हारचा पाय खाली आला. आईच्या तळव्याखाली गाठ झाकून गेली होती. तो दोन पावलं मागं सरला. मग त्यानं जागच्या जागी उड्या मारायला सुरुवात केली. गुडघे छातीशी आणले, पाय झुलवले, देवळाला पळत फेऱ्या घातल्या.

"अरं, गाड्या वढायच्यात का लग्नात नाचायचंय?" गाडीतून कुणीतरी बोललं.

"बकरू सुटलंय, बकरू. धरा त्याला."

माणसं हसली. गर्दीच्या कडेला अनुप उभा होता. तो हसला नाही. हात खिशात घालून फक्त मान हलवत होता, अजून मार, अजून.

मल्हारच्या अंगातून वाफ निघू लागली. कमरेला दोर बांधला गेला. येळकोटाचा गजर झाला, मागून रेटा आला आणि बारा गाड्यांचा तो लांबलचक सांगाडा कुरकुरत हलला. उताराला वेग चढला. चाकांचा आवाज एकाचा दुसऱ्यात मिसळून एकच घरघर झाली. पूल आला. मागचे हात सुटले. दोराला ते लगेच कळलं, आणि दोराकडून मल्हारला.

चढ लागला.

पहिली पावलं वेगानं काढली. मग वेग सरला आणि उरलं ते नुसतं वजन. निम्म्यात ती जागा आली. कठड्याचा तो दगड डाव्या हाताला मागं पडला होता. मल्हारनं पाय रोवला आणि वाट पाहिली. आता पाय जातील. आता ते कुणीतरी घेऊन जाईल.

पाय गेले नाहीत. मांडीत बळ होतं, पोटरीत बळ होतं, आणि ते त्याचंच होतं. दुसरं कुणी तिथं नव्हतं. पाठ उघडी, रिकामी, वारा लागत असलेली. त्या रिकामेपणानं त्याच्या तोंडातून असा आवाज निघाला की पहिल्या गाडीतली माणसं दचकली. पुढं सांगताना लोक म्हणत, पोरानं जोर लावला म्हणून ओरडला. पण तो जोराचा आवाज नव्हता. गर्दीत हात सुटलेलं मूल ओरडतं, तसा होता. ओरडत त्यानं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मागं वळून बघायचं नव्हतं आणि त्याला दुसरं काहीच नको होतं, फक्त मागं वळून बघायचं होतं. चाकं वर आली. चढ संपला. बारावी गाडी पुलावरून सुटली तेव्हा भंडाऱ्याच्या ढगात काही दिसत नव्हतं.

गोजरबाईला शेवटच्या गाडीतून उतरवलं. लोकांनी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "न्हाय बाबांनो. मोकळी हुती जागा."

दिवस मावळायला आला तशी गर्दी पांगली. तात्याबांनी पिवळं फडकं उचललं आणि ते लिंबाखाली आले. सिंधुबाई अजून तिथंच होती. उभी नव्हती, बुंध्याशी बसली होती.

"ह्याचं आता काय करू?" तात्याबांनी विचारलं.

"द्या हिकडं. शेळीला दाव्याचा खुटा न्हाय, त्ये हुईल."

तात्याबांनी फडकं तिच्या ओटीत ठेवलं. जाताना ते थांबले. "सिंधू, तुला वाटतंय, त्यो खरंच धरला गेला?"

"चाकं चढावर हुती तवा लई वढत हुता," ती म्हणाली. "मी सोडला न्हाय."

तात्याबा गेले. मल्हार आला तेव्हा ती एकटी होती. तो तिच्याजवळ बसला. मांड्या अजून थरथरत होत्या. सिंधुबाईनं उजवा हात पुढं केला. तळव्याच्या मधोमध लाल गोल वण उठला होता. गाठीवर हात दाबून धरला की असा वण उठतोच. त्या हातावर वरून कुणी टाच टेकली तरी असाच उठेल.

मल्हारनं तो वण पाहिला. मग उठला.

"आता काम उरकलं न्हवं?" सिंधुबाई म्हणाली.

"उरकलं."

"अन्या म्हनला हुता ना, उरकल्यावर चालतंय."

त्यानं उजवा पाय उचलला आणि टाच खालच्या गाठीवर ठेवली. वरची मोकळी सोडली. शाळेत असताना वाकायचा तसा वाकला, सावकाश, हिसका न देता. मांडीची शीर थरथरली, मग निवळली. तो आरती म्हणू लागला. पहिली निम्मी झाली. पाठीला नुसता गार वारा होता.

सिंधुबाई उठली. लुगडं झटकलं. फडक्यातला खिळा बगलेत धरला आणि ती बुंध्यापासून बाजूला सरली, वरच्या गाठीसमोरची जागा मोकळी करत. दारात आलेल्या माणसाला वाट द्यावी तशी.

"कुटवर आली आरती?" तिनं विचारलं.

"इसरलो," मल्हार म्हणाला.

"मग पयल्यापासनं म्हण."

त्यानं पहिल्यापासून सुरू केली.